अंगडे, टोपडे, कुंची : तान्ह्या मुलाचे वस्त्र आणि ऋतुमान

१. विषयप्रवेश

वस्त्रांचा इतिहास लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा राजदरबार, व्यापारी पेठा, मागावरचे कारागीर किंवा स्त्रीपुरुषांचे पोशाख यांच्याकडे जाते. तान्ह्या मुलाच्या वस्त्रांचा उल्लेख आलाच तर तो बारशाच्या वा पाळण्याच्या वर्णनात ओघाने येतो. याला एक व्यावहारिक कारण आहे. ही वस्त्रे टिकत नाहीत. जुन्या लुगड्याच्या वा धोतराच्या मऊ कापडातून ती शिवली जातात, रोज धुऊन विरतात, एका भावंडाकडून दुसऱ्याकडे जातात आणि शेवटी त्यांचे पोतेरे होते. जपून ठेवली जाते ती समारंभापुरती वापरलेली जरीकाठी कुंची. रोजच्या वापरातील वस्त्रांचा पुरावा शोधावयाचा तर तो वस्तूंपेक्षा शब्दांत अधिक सापडतो.

विषय किरकोळ वाटला तरी त्याच्याशी जीवनमरणाचा प्रश्न निगडित आहे. नवजात मुलाच्या शरीराचा पृष्ठभाग त्याच्या वजनाच्या मानाने मोठा असतो. त्यात एकट्या डोक्याचाच वाटा सुमारे एक पंचमांश असतो. ते जन्मतः ओले असते, प्रौढाप्रमाणे कुडकुडून उष्णता निर्माण करू शकत नाही, आणि फार उकडू लागले तर पांघरूण दूर सारून स्वतःची सुटका करून घेऊ शकत नाही. त्याला थंडी वाजते की उकडते हे दुसऱ्यानेच ओळखावे लागते. त्यामुळे कोणत्या हवेत मुलाला काय घालावे हा निर्णय प्रत्येक समाजात वडीलधाऱ्यांनी घेतला आहे. आणि तो घेताना हवामानाबरोबरच भीती, रूढी, प्रतिष्ठा आणि हाताशी असलेले कापड यांचाही प्रभाव पडला आहे.

या निर्णयाचा इतिहास मराठीतील बालवस्त्रांच्या नावांपासून आरंभ करून भारतीय वैद्यक, युरोपीय वैद्यक आणि आधुनिक महाराष्ट्र या क्रमाने पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते. थंडीची भीती आणि उष्म्याची भीती यांनी आळीपाळीने मुलाच्या पोशाखावर सत्ता गाजविली आहे. या दोहोंचा तोल राखण्यासाठी वस्त्रसंच सुटा, म्हणजे एकेक वस्त्र स्वतंत्रपणे घालता-काढता येईल असा, असणे ही पहिली अट होय. जुन्या मराठी वस्त्रसंचात ही अट नावांनिशी सांभाळलेली दिसते.

२. शब्दांची साक्ष

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ साली आणि सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत प्रसिद्ध झाली. अंगडे, टोपडे, कुंची हे लहान मुलांच्या वस्त्रांचे वाचक शब्द तेव्हाच्या मराठीत रुळलेले होते. दाते-कर्वे यांच्या 'महाराष्ट्र शब्दकोशा'च्या काळापर्यंत, म्हणजे १९३० नंतरच्या दशकापर्यंत, त्यांच्या जोडीला झबले, दुपटे, बाळोते, लंगोट असा भरगच्च शब्दसंच उभा राहिलेला आढळतो.

यांतील 'अंगडे' आणि 'टोपडे' ही जोडी भाषिक दृष्ट्या विशेष उद्बोधक आहे. 'अंग' आणि 'टोप' या शब्दांना 'डे' हा प्रत्यय लागून ती सिद्ध झाली आहेत. 'ड'कारयुक्त प्रत्ययाची परंपरा अपभ्रंशापर्यंत मागे जाते. बाराव्या शतकातील हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात अपभ्रंशाच्या प्रकरणी असा स्वार्थी प्रत्यय सांगितला आहे. मराठीत त्याला लघुत्वाची आणि जिव्हाळ्याची छटा चढली. थोरांची अंगी वा अंगरखा आणि टोपी, तसे लहानग्याचे अंगडे आणि टोपडे. धड आणि डोके यांच्यासाठी दोन निरनिराळी वस्त्रे असून ती नेहमी जोडीने उच्चारली जातात, हे लक्षात घेण्याजोगे आहे. धड झाकले तरी डोके उघडे राहिल्यास ऊब टिकत नाही, हा अनुभव या जोडशब्दात साठलेला दिसतो.

कुंची हे तिसरे वस्त्र. डोक्यावर टोपीसारखी बसणारी आणि मागे पाठीवरून खाली उतरणारी ही शिवण एकाच वेळी डोके, कान, मान आणि पाठ झाकते. पुढची बाजू मात्र मोकळी राहते. मूल कडेवर वा खांद्यावर असताना त्याची पुढची बाजू आईच्या अंगाला टेकलेली असते आणि वारा लागतो तो पाठीला. कुंचीची बेतणी या स्थितीला नेमकी जुळते. घरातून बाहेर पडताना ती चढवावयाची आणि परतल्यावर उतरावयाची, असा तिचा उपयोग.

'दुपटे' या शब्दाचे मूळ दोन पट असलेले वस्त्र या अर्थाकडे जाते. एकाच जाड कापडाऐवजी दोन पातळ कापडे एकावर एक घातली असता त्यांमध्ये हवा कोंडली जाते, आणि कोंडलेली हवा हीच खरी उष्णतारोधक असते. हे तत्त्व प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वी शिवणाऱ्या हातांना अवगत होते. जुन्या लुगड्यांचे अनेक पदर एकत्र टाचून केलेली गोधडी हा त्याच तत्त्वाचा विस्तार होय. लंगोट या शब्दाची व्युत्पत्ती 'लिंगपट्ट' अशी लावली जाते. बाळोते हे मुलाच्या अंगाखाली घालावयाचे वा त्याला गुंडाळावयाचे, ओले होताच बदलावयाचे कापड. ओले कापड अंगावर वा अंगाखाली राहिले तर शरीराची उष्णता झपाट्याने निघून जाते. पावसाळ्यात कोकणातील घराघरांतून चुलीच्या वरच्या बाजूस दोरीवर वाळत टाकलेली बाळोती ही म्हणूनच केवळ अस्वच्छतेवरची उपाययोजना नव्हती.

या संचाचे वैशिष्ट्य त्याच्या विभागणीत आहे. डोक्याचे वेगळे, धडाचे वेगळे, कटीचे वेगळे, अंगाखालचे वेगळे आणि वरून लपेटावयाचे वेगळे. चंद्रपुराकडे मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सियसच्या पलीकडे जातो, तर नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे हिवाळ्यात तो ५ अंशांच्या खाली उतरल्याच्या नोंदी आहेत. एवढ्या अंतराच्या हवामानात एकच शब्दसंच पुरतो, कारण त्यातील कोणते वस्त्र घालावे आणि कोणते गाळावे याची मोकळीक आईला राहते. उन्हाळ्यात पातळ मलमलीचे झबले आणि लंगोट पुरे होतात. पौषातल्या पहाटे त्यांवर अंगडे, टोपडे, दुपटे आणि गोधडी असा क्रम चढत जातो.

३. वैद्यकग्रंथांची साक्ष

या व्यवहाराला शास्त्राचा आधार होता काय, हा पुढचा प्रश्न. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात कुमारागाराचे, म्हणजे मुलाला ठेवावयाच्या घराचे, वर्णन आहे. ते घर अंधारे नसावे, वाऱ्याच्या झोतात नसावे, परंतु त्याच्या एका भागात वारा खेळता असावा, आणि शय्या, आसन व अंथरुणे ऋतूला अनुसरून असावीत असे तेथे सांगितले आहे. पाठोपाठ मुलाची अंथरुणे-पांघरुणे मऊ, हलकी, स्वच्छ आणि सुवासिक असावीत. घाम, मळ, मलमूत्र वा कीटक यांनी दूषित झालेली टाकावीत. दुसरी मिळण्याजोगी नसतील तर तीच धुऊन, धुरी देऊन आणि चांगली वाळवून पुन्हा वापरावीत, असा विधी येतो.

या उपदेशातील दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पांघरूण 'हलके' असावे या अटीवरून ग्रंथकाराला केवळ थंडीचीच धास्ती नव्हती हे उघड होते. तसेच दुसरे कापड नसल्यास तेच धुऊन वापरावे, या वाक्यात गरिबाच्या घरचा विचार आहे. सुश्रुतसंहितेतही नवजात मुलाला क्षौमवस्त्रात लपेटून क्षौमाच्याच अंथरुणावर निजवावे, आणि पीलू, बोर, कडुनिंब इत्यादींच्या फांद्यांनी वारा घालावा असे सांगितले आहे. लपेटणे आणि वारा घालणे या परस्परविरोधी वाटणाऱ्या क्रिया एकाच सूचनेत शेजारी-शेजारी याव्यात, यातच समतोलाची जाणीव दिसते.

याच्या जोडीला निष्क्रमण संस्कार लक्षात घेतला पाहिजे. मनुस्मृतीनुसार मुलाला घराबाहेर नेण्याचा हा संस्कार चौथ्या महिन्यात करावयाचा असतो. विधीचा हेतू धार्मिक असला तरी त्याचा परिणाम असा, की आयुष्याचे पहिले आणि सर्वांत नाजूक आठवडे मूल उघड्या हवेपासून दूर राही. अर्थात शेतमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबात हे घडत नसे. तेथे मूल बांधावरच्या झाडाला टांगलेल्या लुगड्याच्या झोळीत निजे आणि पावसात घोंगडीची खोळ हेच आईचे व मुलाचे एकत्रित छप्पर असे. शास्त्रातील कुमारागार आणि बांधावरची झोळी यांमधील अंतर हे समाजस्थितीचे अंतर होय.

ग्रंथांतील विवेक व्यवहारात सर्वत्र उतरला असे मात्र म्हणता येत नाही. भारताच्या अनेक भागांत वार पडेपर्यंत मुलाकडे लक्ष न देण्याची, ते तसेच उघडे ठेवण्याची आणि नंतर लगेच न्हाऊ घालण्याची रूढी अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. जन्मलेल्या मुलाला सर्वांत जास्त धोका ज्या पहिल्या तासात असतो, नेमक्या त्याच तासात वस्त्राची उणीव राही. पुढे शेकशेगडी, धुरी आणि बंद खोली यांनी ऊब दिली जाई, परंतु ती उशिरा.

४. युरोपातील आवळबांधणी आणि मोकळीक

आज आपल्या दवाखान्यांतून दिला जाणारा बालवस्त्रविषयक सल्ला ज्या ज्ञानपरंपरेतून आला, ती बव्हंशी युरोपात घडली. म्हणून त्या परंपरेतील वळणे पाहणे आवश्यक आहे.

दुसऱ्या शतकाच्या आरंभी रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या इफेससच्या सोरानसने नवजात मुलाला पट्ट्यांनी बांधण्याचा विधी तपशिलाने सांगितला आहे. पट्टे मऊ लोकरीचे, स्वच्छ, फार न झिजलेले आणि तीन ते चार बोटे रुंद असावेत, असे त्याचे म्हणणे. हातपाय सरळ व सुडौल व्हावेत हा या बांधणीमागचा मुख्य हेतू होता. ऊब हा त्याचा आनुषंगिक लाभ. ही पद्धत युरोपात पुढे दीड हजार वर्षांहून अधिक काळ चालली. तिच्यातील मूलभूत दोष असा, की बांधणी एकसंध असल्यामुळे ऋतूप्रमाणे तिच्यात फेरफार करणे कठीण होई. पट्टे सोडणे आणि पुन्हा गुंडाळणे हे वेळखाऊ काम असल्याने ओले कापडही अंगावर राही.

सतराव्या शतकाच्या अखेरीस या पद्धतीविरुद्ध प्रतिक्रिया सुरू झाली. जॉन लॉकने १६९३ साली शिक्षणविषयक ग्रंथात मुलांना उन्हाळ्यात वा हिवाळ्यात फार उबदार कपडे घालू नयेत असे प्रतिपादन केले. लंडनच्या अनाथ बालकाश्रमाच्या एका विश्वस्ताला पत्ररूपाने लिहिलेला विल्यम कॅडोगन या वैद्याचा निबंध १७४८ साली प्रसिद्ध झाला. मुलांवर कपड्यांचे ओझे लादले जाते, त्यांना आवळून बांधले जाते आणि त्यामुळे त्यांची प्रकृती बिघडते, असा त्याचा आरोप होता. बिनबाह्यांचे फ्लॅनेलचे सैल जाकीट, त्याला जोडलेला परकर आणि वरून एक हलका झगा एवढा पोशाख त्याने सुचविला. रूसोच्या १७६२ सालच्या 'एमिल'ने ही मोकळीक तत्त्वज्ञानाच्या पातळीवर नेली.

आवळबांधणीतून मुलांची सुटका करण्याचे श्रेय या लेखकांना दिलेच पाहिजे. परंतु एका चुकीचे निराकरण करताना दुसरीचे बीज पेरले गेले. नवजात मुलाला वस्त्र कितीही सैल आणि थंड असले तरी ते फारसे बाधत नाही, अशा आशयाचे विधान कॅडोगनने केले होते. त्यातूनच, मुलांना थंडीची सवय लावून कणखर बनवावे या मताला बळ मिळाले. एकोणिसाव्या शतकात उघडे गळे, आखूड बाह्या आणि उघडे पाय ही खानदानी मुलांच्या पोशाखाची रीत ठरली. त्याविरुद्ध लिहिणाऱ्यांत स्कॉटलंडचा वैद्य अँड्र्यू कोंब हा प्रमुख होता. सर्वांना एकच ठरीव पोशाख न घालता, त्या त्या मुलाला थंडीची सतत जाणीव होणार नाही इतके वस्त्र घालावे, हा त्याचा नियम हर्बर्ट स्पेन्सरने आपल्या १८६१ सालच्या शिक्षणविषयक ग्रंथात उचलून धरला. गोपाळ गणेश आगरकर यांच्या पिढीतील मराठी सुशिक्षितांवर स्पेन्सरचा जो पगडा होता, तो पाहता कणखरपणाच्या या कल्पनेचे खंडनही त्याच्याच मार्फत येथवर पोहोचले असे म्हणता येते.

५. अनुभवाकडून मोजमापाकडे

आतापर्यंतचा वाद मुख्यतः अनुभव आणि मत यांवर चालला होता. एकोणिसाव्या शतकात त्यात आकडेवारीने प्रवेश केला. व्हिलेर्मे आणि मिल्न-एडवर्ड्स या फ्रेंच अभ्यासकांनी १८२९ साली नवजात मुलांच्या मृत्यूंचा हवेच्या तपमानाशी संबंध तपासला. हिवाळ्यात आणि थंड प्रदेशांत या मृत्यूंचे प्रमाण वाढते असे त्यांना आढळले. फ्रान्समधील कायद्याप्रमाणे जन्मनोंदीसाठी मुलाला तीन दिवसांच्या आत नगरकचेरीत हजर करावे लागे; ख्रिस्ती रीतीप्रमाणे बाप्तिस्म्यासाठी चर्चमध्येही न्यावे लागे. कडाक्याच्या थंडीतील हा प्रवास घातक ठरतो, याकडे त्यांनी लक्ष वेधले. चौथ्या महिन्यातील निष्क्रमण आणि तिसऱ्या दिवसातील नोंदणी ही तुलना येथे बोलकी आहे. कपडा तोच असला तरी मूल केव्हा आणि कोठे नेले जाते, यावर तो पुरेल की नाही हे ठरते.

पॅरिसच्या प्रसूतिगृहात स्तेफान तार्निये याने १८८० च्या सुमारास, कोंबडीची अंडी उबविण्याच्या यंत्रावरून सुचलेली, अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी उबदार पेटी वापरात आणली. त्याचा शिष्य पिएर ब्यूदँ याने १९०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, देहाचे तपमान फार खाली गेलेली मुले बहुतेक दगावतात हे नोंदींच्या आधारे दाखविले. पुढे अमेरिकेत विल्यम सिल्व्हरमन व त्याचे सहकारी यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग निर्णायक ठरला. अपुऱ्या दिवसांच्या मुलांचे दोन गट करून एका गटाच्या पेटीतील हवा २८.९ अंश सेल्सियस आणि दुसऱ्याच्या पेटीतील ३१.७ अंश ठेवली असता, दुसऱ्या गटातील जगण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी अधिक भरले. तीन अंशांहून कमी फरक जीवन आणि मृत्यू यांच्यातील अंतर ठरू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. १९६४ साली डॉकिन्स आणि हल यांनी सशांच्या पिल्लांवरील प्रयोगांतून, नवजात प्राणी न कुडकुडता तपकिरी मेदापासून उष्णता कशी निर्माण करतात हे उलगडले. मानवी अर्भकातही हाच मेद मानेभोवती, खांद्यांच्या फऱ्यांमध्ये आणि मूत्रपिंडांच्या आसपास असतो. त्याचा साठा मर्यादित असून कमी वजनाच्या मुलात तो लवकर संपतो.

याच काळात कपड्याची ऊब मोजण्याची एककेही तयार झाली. 'क्लो' हे एकक १९४१ साली अमेरिकेत आणि 'टॉग' हे एकक १९४६ च्या सुमारास मँचेस्टरमध्ये पुढे आले. एक क्लो म्हणजे सुमारे दीड टॉग. यांतील 'टॉग' हा शब्द कपड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या इंग्रजी बोलीतील शब्दावरून घेतलेला आहे. शास्त्राने आपले परिमाण घडविताना घरगुती शब्दाकडे धाव घ्यावी, ही भाषाभ्यासकाने टिपून ठेवावी अशी बाब होय.

थंडीच्या भीतीचे असे शास्त्रीय समर्थन झाल्यावर लंबक पुन्हा फिरला. इंग्लंडमधील एव्हन परगण्यात झालेल्या आणि १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, पालथी निजविलेली आणि जाड पांघरुणात लपेटलेली मुले झोपेतच अकस्मात दगावण्याचा संभव अधिक असतो असे दिसून आले. ब्रिटनमध्ये १९९१ साली मुलांना उताणे निजविण्याची मोहीम सुरू झाली आणि असे मृत्यू काही वर्षांतच निम्म्याहून कमी झाले. घरातील उबेत निजलेल्या, काही महिन्यांच्या मुलाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये हा सल्ला तेव्हापासून रूढ झाला. जे टोपडे पहिल्या दिवसांत जीव वाचविते, तेच पुढे जाड पांघरुणाच्या जोडीने धोक्याचे ठरू शकते. म्हणूनच ते सुटे आणि काढण्याजोगे असण्याचे महत्त्व.

६. महाराष्ट्रातील स्थित्यंतर

१८५४ साली मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन झाली आणि पुढील अर्धशतकात गिरणीचे स्वस्त कापड खेड्यापाड्यांत पोहोचले. शिवणयंत्र आणि लोकरीचे विणकाम यांनी मध्यमवर्गीय घरांतील बालवस्त्रांचे रूप पालटले. स्वेटर, मोजे, कानटोपी ही वस्त्रे आली. त्यांतील 'मोजे' हा शब्द फारसीतून आधीच आलेला होता. झबल्याच्या जागी फ्रॉक आणि लंगोटाच्या जागी डायपर असे शब्दांतर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पूर्ण होत गेले. बाह्यांच्या जागी दोन पट्टे असलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीला बाजारात 'झबला पिशवी' म्हणू लागले, ते तिच्या आकारामुळे. वस्त्र मागे पडले तरी त्याचे नाव असे भलत्याच वस्तूच्या आश्रयाने जिवंत राहिले.

रूढी आणि ऋतुमान यांचा मेळ व बेबनाव या दोहोंची उदाहरणे महाराष्ट्रात आढळतात. एरवी मंगल प्रसंगी वर्ज्य मानलेला काळा रंग मकरसंक्रांतीला आवर्जून वापरला जातो आणि लहान मुलाच्या बोरन्हाणाला काळे झबले व हलव्याचे दागिने घालतात. काळे कापड उष्णता शोषून घेते, म्हणून थंडीच्या दिवसांत ही प्रथा पडली, असे तिचे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. उन्हात हे खरे आहे. परंतु बोरन्हाण बहुधा सायंकाळी घरात होते, आणि तेथे रंगापेक्षा कापडाची जाडी व पदर यांनाच महत्त्व असते. रूढीला मागाहून शास्त्राचे कारण जोडताना ही मर्यादा ओळखली पाहिजे. उलट दिशेचे उदाहरण म्हणजे वैशाखातल्या बारशाला आत्याने आणलेली जरीची, अस्तर लावलेली कुंची. तेथे वस्त्र प्रतिष्ठेसाठी असते आणि घामोळे मुलाच्या वाट्याला येते. अलीकडे तयार मिळणारे, गळ्यापासून पायापर्यंत एकसंध, कृत्रिम धाग्यांचे पोशाख याच प्रकारात मोडतात. सोरानसच्या पट्ट्यांप्रमाणेच त्यांतही एक भाग काढून दुसरा ठेवण्याची सोय नसते.

७. गडचिरोलीचा धडा आणि शब्दांचे प्रयोजन

या इतिहासाचा सर्वांत मोलाचा टप्पा महाराष्ट्रातीलच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून घरोघरी नवजात बालसेवेचा प्रयोग केला. गावातीलच प्रशिक्षित स्त्रिया घरी जाऊन मुलाचे वजन व तपमान घेत, त्याला कोरडे व झाकलेले ठेवण्यास आईला शिकवीत आणि कमी वजनाच्या मुलासाठी उबदार पिशवी वापरीत. जंतुसंसर्गावरील उपचार आणि श्वास सुरू करण्याचे तंत्र हेही त्या सेवेचे भाग होते. १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटले. याच प्रकल्पाच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत ऋतूंचा ठसा स्पष्ट दिसतो : हिवाळ्यात अंग थंड पडणारी मुले अधिक, तर उन्हाळ्यात अंग तापणारी. ज्या दोन भीतींमध्ये युरोपीय वैद्यक शतकानुशतके हेलकावे खात राहिले, त्या दोन्ही एकाच जिल्ह्यात एकाच वर्षात खऱ्या ठरतात. अहमदाबादेत २०१० साली आलेल्या उष्णतेच्या लाटेत नवजात मुले उष्म्याने आजारी पडली. प्रसूतिकक्ष वरच्या मजल्यावरून खाली हलविल्यानंतर असे आजार घटले, हे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ साली नवजात मुलाच्या देहाचे स्वाभाविक तपमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस असे सांगून त्याच्या रक्षणाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. २०१३ सालच्या शिफारशींत पहिले स्नान २४ तासांनंतर घालावे, आणि त्या हवेत प्रौढाला लागेल त्यापेक्षा एक ते दोन थर अधिक वस्त्र व टोपी घालावी, असे सांगितले आहे. तपमापक नसल्यास पोट आणि तळपाय हाताने पाहावेत : दोन्ही उबदार असतील तर मूल सुखात आहे, पोट उबदार पण पाय गार असतील तर त्याला थंडी बाधू लागली आहे, दोन्ही गार असतील तर ते संकटात आहे. ही कसोटी कोणत्याही आईच्या हाताला साधते.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. २०११ पासून घरोघरच्या नवजात बालसेवेचे काम देशभर 'आशा' कार्यकर्तींकडे सोपविण्यात आले. त्यांच्यामार्फत सांगावयाच्या सूचनेत 'एक थर अधिक' अशी भाषांतरित शब्दयोजना असेल, तर ती ऐकणाऱ्या बाईच्या मनात नेमके चित्र उभे करीत नाही. मराठी बोलण्यात थर असतो तो धुळीचा, रंगाचा किंवा दहीहंडीचा. कापडाला पदर असतात, आणि मुलाच्या कपड्यांना तर एकेकाचे स्वतंत्र नाव असते. 'तुम्हाला एक लुगडे पुरत असेल तर बाळाला झबल्यावर अंगडे आणि टोपडे घाला. बाहेर पडताना कुंची चढवा. घरात आल्यावर उतरवा. उन्हाळ्यात दुपारी झबले आणि लंगोटावर ठेवा', ही सूचना त्याच शास्त्राची आहे, परंतु तिच्यात मोजण्याचे एकक ऐकणारीच्या घरातले आहे. मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी 'टॉग' निवडताना जे केले, ते मराठी आरोग्यलेखनाला करण्याजोगे आहे.

बालवस्त्रांच्या नावांचे संकलन हे म्हणून केवळ कोशकाराचे कौतुकाचे काम राहू नये. कोकण, देश, खानदेश, मराठवाडा आणि विदर्भ येथील बोलींत या वस्त्रांना कोणती नावे आहेत, कोणत्या महिन्यात कोणते वस्त्र घातले वा उतरविले जाते, आणि जन्मानंतर किती वेळाने मुलाला पहिले वस्त्र मिळते, याची प्रदेशवार नोंद बोलीभाषांच्या सर्वेक्षणात सहज समाविष्ट करता येईल. ही नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी वयोवृद्ध होत चालली आहे. तिच्याबरोबर 'कुंची' हा शब्द गेला, तर कुंची केव्हा घालावी आणि केव्हा काढावी हे सांगण्याचे सर्वांत सोपे साधनही जाईल.